स्मृतिदिन आणि पाठिंब्याचे कार्यक्रम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लढ्यांचे स्मृतिदिन आणि परदेशातल्या लढ्यांना पाठिंबा देणारे कार्यक्रम नाशिकमध्ये मंडळं, युनियन आणि कॉलेजचे गट वर्षभर करत असतात. त्यांच्या तयारीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : २ मार्चला काळाराम मंदिर सत्याग्रहाचा कार्यक्रम आम्ही करतो. यंदा त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलची जोड द्यायची आहे, पण ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. काय करावं? (पंचवटी)

ओढूनताणून वाटतं ते बहुतेक वेळा सूत्रसंचालनातल्या एका वाक्यामुळे: "अन्याय तिकडेही, अन्याय इकडेही." ते वाक्य काढून टाका आणि दोन्ही ठिकाणी लोकांनी नेमकं काय केलं ते शेजारी शेजारी ठेवा.

नाशिकला २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक मंदिराकडे गेली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटाकडे वळली, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. शार्पव्हिलला २१ मार्च १९६० रोजी लोक आपले पास घरी ठेवून पोलीस ठाण्यापुढे गेले. कृष्णवर्णीयांनी पास जवळ बाळगलाच पाहिजे असा कायदा होता आणि "आमच्याकडे पास नाही, अटक करा" हीच त्यांची मागणी होती. पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मारली गेली, कित्येकांना गोळ्या पाठीत लागल्या. एकीकडे बंद दरवाजा, दुसरीकडे पास, आणि दोन्हीकडे नि:शस्त्र माणसांनी समोर उभं राहून व्यवस्थेला उत्तर द्यायला लावलं. एवढं नीट सांगितलं की श्रोते नातं स्वतः लावतात.

तिसरा दुवा कागदावरचा आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळल्यावर बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि ड्युबॉइस यांनी उत्तर दिलं. या पत्रव्यवहाराचं मराठी वाचन चार-पाच मिनिटांत होतं. अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा ते जास्त लक्षात राहतं, म्हणून ते कार्यक्रमाच्या मध्यावर ठेवा.

तीन चुका वारंवार होतात. शार्पव्हिलच्या फलकावर नेल्सन मंडेलांचा फोटो लावला जातो. त्या दिवसाची हाक रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसची होती, मंडेलांच्या संघटनेची नव्हे. दुसरी चूक म्हणजे काळाराम सत्याग्रह दांडीयात्रेच्या प्रेरणेतून झाला असं लिहिणं. दांडीयात्रा १२ मार्चला निघाली, म्हणजे दहा दिवसांनी. आणि तिसरी चूक सगळ्यात जास्त खटकते: बाबासाहेबांच्या फोटोपुढे स्थानिक माणसं नाहीशी होतात. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला तो दादासाहेब गायकवाड आणि अमृतराव रणखांबे यांच्यासारख्यांनी गावोगाव माणसं उभी केली म्हणून. त्यांची नावं फलकावर आणि तोंडी, दोन्हीकडे यायलाच हवीत.

प्रश्न : १ मे रोजी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच सकाळी येतात. दोन्हीला माणसं कशी जमवायची? (सातपूर)

सकाळी शासकीय ध्वजारोहण असतं आणि तुमचे निम्मे लोक मुलांच्या शाळेत किंवा सोसायटीत झेंड्याला जातात. त्या वेळेशी झटापट करू नका. युनियनचा झेंडा कार्यालयापुढे साडेसहाला लावा, पंधरा मिनिटांत आटपा. मुख्य सभा संध्याकाळी साडेसहानंतर घ्या. सुट्टी न देणाऱ्या कारखान्यांतले कामगार यायला हवे असतील तर पहिली पाळी सुटण्याच्या वेळी गेटसभा घ्या. ती वीस मिनिटांची असावी, कारण बस उभी असते. नाशिकचा मे महिना पूर्वीसारखा थंड राहिलेला नाही. दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो. माणशी अर्धा लिटर धरला तर वीस लिटरचा जार चाळीस जणांना पुरतो. दोनशेच्या सभेला पाच जार लागतात, सहावा राखीव.

इतिहास सांगताना तारखा सुट्या ठेवा. शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला तो १ मे १८८६ रोजी. हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला तो ४ मे रोजी. त्या प्रकरणात चौघा कामगार पुढाऱ्यांना फाशी दिली ती ११ नोव्हेंबर १८८७ रोजी. "१ मे रोजी शिकागोत गोळीबार झाला" हे सर्रास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. भारतातला पहिला कामगार दिन १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी पाळला. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा आकडा लिहिण्याआधी तुम्ही जी यादी वाचणार आहात तिच्यातली नावं मोजा. १०५, १०६ आणि १०७ तिन्ही छापलेले सापडतात. फलकावर एक आकडा आणि वाचनात दुसरा असं झालं तर ज्यांच्या घरातला माणूस त्या यादीत आहे त्यांना ते लागतं.

प्रश्न : परवानगीचे नेमके टप्पे कोणते? (इंदिरानगर)

आधी जागा, मग पोलीस. मैदान किंवा चौक महापालिकेचा असेल तर विभागीय कार्यालयाचं पत्र आधी हातात हवं, कारण पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच येतो. त्यानंतर हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्ज करा. त्यात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, वक्त्यांची नावं, स्वयंसेवकांचे मोबाइल क्रमांक आणि मिरवणूक असेल तर मार्गाचा हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा. ध्वनिक्षेपकाचा अर्ज वेगळा असतो. किमान पंधरा दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

मिरवणूक नदी ओलांडणार असेल तर पोलीस ठाण्याची हद्द बदलते. पंचवटीतून निघून हुतात्मा स्मारकापाशी संपणाऱ्या मिरवणुकीला दोन्ही बाजूंना आणि वाहतूक शाखेला कळवावं लागतं. एकाच ठाण्याची पोच घेतलेली मिरवणूक पुलाच्या दुसऱ्या टोकाला अडते. आयुक्तालयाचा जमावबंदीचा आदेश शहरात अधूनमधून लागू असतो. तो लागू असेल तर पाच माणसांच्या जमावालाही परवानगी लागते, म्हणून आदल्या दिवशी पुन्हा चौकशी करा.

ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचं १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र. स्पीकरची तोंडं श्रोत्यांकडे आणि थोडी खाली ठेवा. स्पीकर माइकच्या मागे ठेवला की शिट्टी सुरू होते, मग ऑपरेटर आवाज कमी करतो आणि मागच्या रांगांना काहीच ऐकू येत नाही.

मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात हेही ध्यानात ठेवा. २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि मुंबईत शिरल्यावर परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोचला. जवळपास १८० किलोमीटर चाललेल्या माणसांनी जी काळजी घेतली, ती चौकातल्या सभेला जड जाऊ नये.

प्रश्न : प्रदर्शनाचे फलक छापून आले की मराठी जोडाक्षरं फुटलेली असतात आणि फोटो धूसर. दुकानदार म्हणतो, फाइलच तशी होती. (गंगापूर रोड)

बहुतेकदा दोघांचंही थोडंथोडं चुकलेलं असतं. तुम्ही मोबाइलवर टाइप करता ते युनिकोडमध्ये. फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुन्या फाँटमध्ये रूपांतरित करून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात, आणि तिथे ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, "दुसऱ्या"मधला अर्धा र तुटतो, "ऑक्टोबर"वरचा चंद्र गायब होतो. उपाय असा: मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. स्वतः मांडणी करून फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ द्या आणि तीच जशीच्या तशी छापायला सांगा. दुकानदाराला मांडणी करायचीच असेल तर आधी ही ओळ टाइप करून दाखवायला सांगा: "दुसऱ्या विद्यार्थ्यांनी हुतात्म्यांच्या स्त्रियांना ऑक्टोबरमध्ये शार्पव्हिल सांगितलं." या ओळीला अर्थ नाही, पण तिच्यात मोडण्यासारखं बहुतेक सगळं आहे. ही नीट आली की बाकीचा मजकूर येतो.

प्रूफ पडद्यावर पाहू नका. एका फलकाची ए-फोर आकाराची पट्टी प्रत्यक्ष आकारात कागदावर काढून घ्या आणि ज्यानं टाइप केलं नाही अशा माणसाला ती मोठ्यानं वाचू द्या. टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांना स्वतःच्या चुका दिसत नाहीत. मोठ्यानं वाचताना जीभ अडखळते तिथे चूक असते.

आता फोटो. दोन बाय तीन फुटांचा फलक १५० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला १५० ठिपके धरून, छापायचा तर चित्र ३६०० बाय ५४०० पिक्सेलचं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो, म्हणजे तो दहा इंचांपर्यंतच सुबक छापला जातो. मूळ फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागवा. मूळ मिळालाच नाही तर दहा इंचांचाच छापा आणि भोवती कोरी जागा सोडा. फुगवलेल्या धूसर फोटोपेक्षा छोटा स्पष्ट फोटो त्या माणसाचा मान राखतो.

फ्लेक्स लटकवला की वाकतो आणि त्याच्या चमकेमुळे ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही. पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमची ताठ पाटी) मॅट लॅमिनेशन घ्या, तीन मिलिमीटरचा बोर्ड उन्हात कमानीसारखा होतो. एका फलकावर शंभर शब्दांच्या वर जाऊ नका. मजकूर २४ ते २८ पॉइंट, ओळींमध्ये दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. फलकाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवला तर शाळेतल्या मुलांनाही वाचता येतं. सभागृहात खिळे मारू देत नाहीत आणि चुन्याच्या भिंतीवर दुहेरी टेप तासाभरात सुटतो, त्यामुळे स्टँड किंवा ताणलेली दोरी आणि मोठे क्लिप आधीच ठरवा.

परदेशी नावांसाठी एक यादी करा आणि प्रत्येक नावाचं एकच देवनागरी रूप ठरवा. चिलीच्या अध्यक्षांचं नाव फलकावर "अयेंदे", निमंत्रणावर "अलेंडे" आणि वक्त्याच्या तोंडी तिसरंच, असं होऊ देऊ नका. त्या देशातल्या बातमीदारांचा उच्चार ऐका, मग लिहा.

प्रश्न : राष्ट्रध्वजासोबत दुसऱ्या देशाचा झेंडा लावता येतो का? (नाशिक रोड)

येतो. वेगवेगळ्या काठ्यांवर, सारख्या आकाराचे, सारख्या उंचीवर. श्रोत्यांकडे तोंड करून रांगेच्या मध्यभागी उभे राहा: तिरंगा तुमच्या अगदी उजव्या हाताला हवा, म्हणजे श्रोत्यांना तो डावीकडे टोकाला दिसेल. गोंधळ इथेच होतो, कारण मांडणी करणारा श्रोत्यांच्या बाजूनं पाहत असतो. बाकीचे झेंडे देशांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमानं येतात. टेबलावर अंथरायला, व्यासपीठाला गुंडाळायला तिरंगा वापरता येत नाही आणि त्यावर काहीही लिहिता येत नाही.

प्रश्न : ९ ऑगस्टच्या संध्याकाळी गोदाघाटावर मशाली घेऊन जमायचा विचार आहे. (सिडको)

जागा बदला. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी काही तासांत चढतं. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं की घाटावरचं सामान हलवावं लागतं हे नाशिककरांना सांगायला नको, पण स्पीकर, जनरेटर आणि खुर्च्या एवढ्या लवकर हलत नाहीत. शिवाय क्रांतिदिनाच्याच दिवशी जागतिक आदिवासी दिनाच्या मोठ्या मिरवणुका शहरात असतात, त्यांचे मार्ग आधी विचारून घ्या. त्यांच्यात सामील होता आलं तर आमच्या मते तेच सर्वात चांगलं. छत हवं असेल तर सभागृह घ्या. घाट हिवाळ्यासाठी ठेवा.

मशालींबद्दल: चार फुटांचा बांबू, टोकाला पत्र्याचा डबा, त्यात सुती चिंध्या घट्ट बांधलेल्या. नायलॉन वितळून ठिपके पडतात, ते हाताला भाजतात. पेट्रोल कधीही वापरू नका. त्याची वाफ आधी पेटते आणि ज्वाला पेटवणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. दोन मशालींत सहा फूट अंतर, दर दहा मशालींमागे वाळूची बादली आणि ओलं पोतं, पेटवणारी माणसं दोनच आणि त्यांच्या अंगावर सुती कपडे. पोलीस ज्वाला नाकारतात तेव्हा वाद घालू नका, बॅटरीच्या मशाली मिळतात. मेणबत्त्या घेतल्या तर कागदी पेल्याच्या तळाला भोक पाडून त्यातून धरायच्या. वाराही अडतो आणि मेणही दगडावर सांडत नाही. घाटाच्या पायरीवर सांडलेलं मेण दुसऱ्या दिवशी स्नानाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाडतं.

प्रश्न : परदेशातल्या पीडितांसाठी निधी गोळा करून पाठवता येईल का? (देवळाली)

सार्वजनिक वर्गणी काढायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाशी आधी संपर्क करा, क्रमांक असलेली पावतीपुस्तकं ठेवा आणि हिशोब जाहीर करा. नोंदणीकृत संस्थेनं पैसे थेट परदेशी पाठवले तर विदेशी चलनाचे नियम आणि करसवलत असे दोन्हीकडून प्रश्न येतात. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. व्यक्तीला मात्र बँकेमार्फत, पॅन देऊन, उदारीकृत प्रेषण योजनेखाली (व्यक्तीनं परदेशी पैसे पाठवण्यासाठीची रिझर्व्ह बँकेची योजना) देणगी पाठवता येते. म्हणून मंडळानं पेटी फिरवण्याऐवजी पडताळलेल्या संस्थेचा तपशील सांगावा आणि ज्याची त्यानं देणगी द्यावी, हे जास्त स्वच्छ. उलट दिशेनं, म्हणजे परदेशातून कार्यक्रमासाठी पैसे घेणं, विदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय अजिबात करू नका. रक्कम हजार रुपये असली तरी.

प्रश्न : परदेशी वक्ता ऑनलाइन बोलणार आहे. वेळ कोणती ठेवावी? (कॉलेज रोड)

आपल्या संध्याकाळी साडेसहाला दक्षिण आफ्रिकेत दुपारचे तीन, व्हिएतनाममध्ये रात्रीचे आठ आणि चीनमध्ये नऊ वाजलेले असतात. पंधरा मिनिटांचं भाषण वाक्यागणिक अनुवाद करत गेलं की पस्तीस मिनिटं घेतं. लिखित मजकूर तीन दिवस आधी मागवा आणि मराठी वाचन स्वतंत्र ठेवा. पाहुणा बोलत असताना सभागृहातले सगळे माइक बंद, नाहीतर त्याचाच आवाज त्याला परत ऐकू जातो आणि तो थांबतो. त्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर असू द्या. आणि कोणी प्रत्यक्ष येणार असेल तर पर्यटन व्हिसावर भाषणाला बोलावू नका, अडचण पाहुण्याची होते.

प्रश्न : डॉ. कोटणीसांवर शाळेत कार्यक्रम करायचा आहे. काय टाळावं? (येवला)

"रणांगणावर शहीद झाले" हे टाळा. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल होते, कोटणीस नव्हेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या आजारानं ते गेले. मुलांना हे खरं सांगितलं तर जास्त भिडतं: आजार अंगावर असताना ते शस्त्रक्रिया करत राहिले. तुमच्या येवल्यात १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांच्या १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेच्या दिवशी, मुक्तिभूमीवर गर्दी असते. १० तारखेचा कार्यक्रम शाळेतच उरका आणि फलक १३ तारखेपर्यंत ठेवा, येणारे लोक पाहतील.

प्रश्न : २९ नोव्हेंबरला पॅलेस्टाइनला पाठिंब्याचा ठराव करायचा आहे. तो कसा लिहावा? (भद्रकाली)

दीडशे शब्दांच्या आत, तीन भागांत. आधी घटना, मग सभेचं मत, मग कोणाकडे काय मागणी. तिसरा भाग नसेल तर तो ठराव राहत नाही, नुसतं निवेदन होतं. घटना पडताळून लिहा: १९४७ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांत फाळणीचा ठराव मंजूर झाला, भारतानं विरोधात मत दिलं, १९७७ मध्ये आमसभेनं हा दिवस पाठिंब्याचा दिवस ठरवला, १९८८ मध्ये भारतानं पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली. मागणी आपल्या सरकारकडे करा, कारण नाशिकच्या सभेला उत्तर मागण्याचा हक्क तिथेच आहे. सूचक आणि अनुमोदक यांची नावं, हात वर करून घेतलेलं मत, उपस्थितांची संख्या आणि अध्यक्षांची सही घ्या. प्रत जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आणि खासदारांना द्या, पोच फाइलला लावा. कोणत्याही धर्माच्या माणसांविरुद्ध घोषणा होणार नाही हे स्वयंसेवकांना आधी बजावा. एक घोषणा चुकली तर ठराव बाजूला पडतो आणि बातमी घोषणेची होते.

प्रश्न : श्रद्धांजलीचं मौन एक मिनिट की दोन? (सिन्नर)

दोन. हुतात्मा दिनी, ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता, देशभर दोन मिनिटांचंच मौन पाळतात. "उभे राहा" ही सूचना आधी द्या, खुर्च्यांचा आवाज थांबू द्या, मग वेळ मोजायला सुरुवात करा. घड्याळ अध्यक्षांकडे नको, एका स्वयंसेवकाकडे द्या. नावं वाचायची असतील तर मौनाच्या आधी वाचा, आणि माइक मौनापुरता बंद ठेवा, कारण उघडा माइक व्यासपीठावरची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो.